रिकाम्या पुंगळीचा हिशेब

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत रायफल हा घराघरांतल्या गप्पांचा विषय झाला. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण त्याच्या नेमबाजीची जडणघडण नाशकात झाली, त्यामुळे आम्हा नाशिककरांचा ऊर थोडा अधिकच भरून आला. त्या दिवसांत आमच्या इंदिरानगरातही नेमबाजीच्या वर्गांची चौकशी करणारे पालक भेटू लागले. रायफल केवढ्याला पडते, परवाना लागतो का, अभ्यासावर परिणाम होईल का, असे सारे प्रश्न निघाले. गोळी सुटल्यावर मागे जी पितळी पुंगळी उरते, तिचे काय होते, हे मात्र कोणी विचारले नाही. तसा प्रश्न सुचण्याचे कारणही नव्हते. परंतु ही पुंगळी बिनमहत्त्वाची वस्तू नाही. तिचा हिशेब चुकला तर जीव जातो आणि महाराष्ट्राने ते पाहिले आहे.

प्रथम एक फरक स्पष्ट केला पाहिजे. स्वप्निल ज्या .२२ काडतुसाने खेळतो त्याची ठिणगी पेटवणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोडा ती कड चेपतो आणि त्याच क्षणी पुंगळीचे आयुष्य संपते. ती पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलींच्या काडतुसांचे तसे नाही. त्यांच्या बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. ती काढून नवी बसवता येते, पुंगळी साच्यातून काढून मूळ मापाला आणता येते आणि पुन्हा भरता येते. काडतुसाच्या किमतीत पुंगळीचा वाटा मोठा असल्याने अमेरिकेत हा घरगुती छंद होऊन बसला आहे.

पितळेची स्मरणशक्ती

मग एक पुंगळी किती वेळा वापरावी? याचे उत्तर आकड्यात देता येत नाही, कारण ते पितळेच्या स्वभावात आहे. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त. बार उडाला की पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आक्रसते, म्हणून बाहेर काढता येते. या फुगण्या-आक्रसण्यात आणि नंतर साच्यात दाबले जाण्यात पितळ प्रत्येक वेळी थोडे कडक होते. कडक झालेले पितळ पुढे फुगण्याऐवजी तडकते.

जुन्या नाशकातल्या तांबटांना हे कोणी शिकवावे लागले नाही. हंडा ठोकताना धातू कडक झाला, हातोडीचा आवाज बदलला, की ते भांडे पुन्हा आचेवर धरतात आणि मऊ करून घेतात. ठोकणे आणि तापवणे ही जोडी सोडली तर भांडे फुटणारच. पुंगळीच्या तोंडालाही जाणकार अशीच आच देतात. पण बुडाला कधीच नाही. बुडावरच सर्वांत मोठा दाब येतो आणि ते मऊ पडले तर रायफलच फुटायची.

सर्वांत धोक्याची झीज डोळ्याला दिसत नाही. तोंडाची चीर दिसते आणि ती पुंगळी फेकूनही दिली जाते. पण बुडाच्या थोडे वर, आतल्या बाजूने, पितळ ताणले जाऊन गोलाकार पातळ होत जाते. बाहेरून फार तर एक चकचकीत रेघ उमटते. एखाद्या बाराला पुंगळी तिथेच तुटते आणि वायू मागे येतो. म्हणून अनुभवी माणसे वाकवलेली बारीक तार आत फिरवून खाचा लागतात का पाहतात, टोपी सैल बसू लागली का पाहतात आणि शंका आली तर पुंगळी चेपून मोडीत टाकतात. ‘अजून एकदा चालेल’ हे वाक्य या कामात वर्ज्य आहे.

पितळेच्या या स्मरणशक्तीचा जगातला गाजलेला धडा आपल्याच देशात मिळाला. ब्रिटिश अमलात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली काडतुसे न वापरताच तडकू लागली. दारूगोळा चांगला, पितळ चांगले, तरी चिरा कशा? १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. पुंगळी ओढून घडवताना पितळेत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा त्याला मिळाली की ताण चिरांच्या रूपाने बाहेर पडतो. उपाय साधाच निघाला. पुंगळीला हलकी आच देऊन तो ताण आधीच उतरवायचा.

कायदा आणि भंगार

आपल्याकडे काडतुसे भरणे हा कोणाचाही छंद होऊ शकत नाही आणि ते योग्यच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश आहे, त्यामुळे शोभेची वस्तू म्हणून कपाटात ठेवलेले काडतूसही अडचणीत आणू शकते. पोलीस, सैन्य आणि एनसीसीच्या सरावानंतर पुंगळ्या मोजून परत घेतल्या जातात. पुंगळीच्या बुडावर त्या त्या बंदुकीच्या खुणा उमटतात, म्हणून ती पुरावाही असते. मोजणीत एक जरी कमी भरली तरी जवान गवतात शोधत बसतात. बाहेरच्याला हा अतिरेक वाटतो. मला ती शिस्त वाटते.

ही शिस्त जिथे संपते तिथे भंगाराचा बाजार सुरू होतो. इंदिरानगरच्या एका बाजूला अंबडची औद्योगिक वसाहत आहे, दुसरीकडे देवळालीचा तोफखाना. वारा तिकडून असला की सरावाचा दबका आवाज आमच्या गच्चीपर्यंत येतो. अंबडच्या रस्त्यावर भंगाराची दुकाने आहेत आणि तिथे पितळेचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. मे २०२४ मध्ये तर जगाच्या बाजारात तांबे टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेले. ज्या कुटुंबाची रोजची कमाईच तुटपुंजी, त्याला सराव क्षेत्रातला पितळेचा तुकडा म्हणजे सापडलेली मजुरी वाटते. त्याच्याकडे वाकवलेली तार नसते आणि हातातला तुकडा रिकामा की जिवंत, हे सांगणारेही कोणी नसते.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळच्या सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. असा दारूगोळा फोडल्यावर उरणारा धातू वेचणे हे त्या भागातल्या गरिबांचे कमाईचे साधन असल्याचे तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आले. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या परिसरातूनही भंगार वेचणाऱ्यांच्या अपघातांच्या बातम्या आलेल्या आहेत. दरवेळी चार दिवस हळहळ होते, चौकशी जाहीर होते आणि पुन्हा सारे पूर्ववत चालू राहते.

इथे अमेरिकेतला एक प्रसंग उपयोगी पडावा. मार्च २००९ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने लष्कराच्या वापरलेल्या पुंगळ्या चेपूनच विकायच्या, असे ठरवले. काडतुसे भरणाऱ्यांनी ओरड केली, सिनेटर मध्ये पडले आणि काही दिवसांत निर्णय फिरला. तिथे पुंगळीचा प्रश्न छंदाचा आणि दराचा होता, आणि त्याला बोलणारी माणसे होती. आपल्याकडे तो पोटाचा आहे, आणि रेंजच्या कडेच्या वेचणाऱ्यांसाठी मध्ये पडणारा कोणी नाही.

करण्यासारखे

महाराष्ट्रात काडतुसे बनतात. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. नवी काडतुसे बाहेर पडताना त्यांची जशी मोजदाद होते, तशीच सरावानंतर जमिनीवर उरणाऱ्या धातूची व्हावी. सराव क्षेत्र साफ करण्याचे काम प्रशिक्षित पथकाचे असावे. त्या धातूच्या विक्रीतला ठरावीक वाटा आसपासच्या ग्रामपंचायतींना मिळाला, तर वेचण्याचा मोहही कमी होईल. पुंगळी वितळवून पितळ करायचे, की परत वापरायची, हे ठरवण्याचा अधिकार तपासणाऱ्याच्याच हाती असावा, विकणाऱ्याच्या नव्हे. रेंजजवळच्या शाळांत दर वर्षी एक तास या विषयाला द्यावा. त्याला पैसा लागत नाही.

आणि आपण घरी काय करावे? मुलाने कुठून आणलेली पितळी वस्तू ओळखीची वाटली नाही, तर ती ठोकू नये, तापवू नये, भंगारवाल्याला देऊ नये. तिला हात न लावता मुलांना दूर घ्यावे आणि पोलिसांना कळवावे. रेंजवर जाणाऱ्या मुलांना नेमाबरोबर मोजणीही शिकवावी. झाडलेल्या गोळ्या आणि परत दिलेल्या पुंगळ्या यांचा आकडा जुळल्याशिवाय कोणी घरी निघू नये.