"थांब" कोणी म्हणायचं?

जपानमध्ये शाळेच्या बेसबॉलचं भारी वेड आहे. दर उन्हाळ्यात कोशिएन मैदानावर देशभरातल्या हायस्कूलांची स्पर्धा होते. २०१८ मध्ये कानाआशी कृषी शाळेच्या कोसेई योशिदाने या एकाच स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण त्याच्या खांद्याचा विचार कोणी करायचा?

२०१९ मध्ये इवाते प्रांतात वेगळंच घडलं. ओफुनातो शाळेच्या रोकी सासाकीने उपांत्य सामन्यात १२९ चेंडू टाकले. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता. जिंकले तर थेट कोशिएन! पण दुखापत होऊ नये म्हणून प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी त्याला खेळवलंच नाही. शाळा १२-२ अशी हरली. प्रशिक्षकांवर टीकेची झोड उठली.

काही जण म्हणतात, "मुलालाच खेळायचं असेल, तर अडवायचं कशाला?" मला हे पटत नाही. सतरा वर्षांचा मुलगा संघासाठी दुखणं लपवून खेळतो. म्हणून "थांब" हे मोठ्यांनीच म्हणायला हवं.

पण सगळा भार एकट्या प्रशिक्षकावर का? स्पर्धा भरवणाऱ्यांनीही नियम करायला हवेत. २०२० पासून जपानमध्ये शालेय गोलंदाजाला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा आहे. माझ्या मते ती अजून कमी हवी, आणि एका दिवसाचीही मर्यादा हवी.

२०२२ मध्ये सासाकीने व्यावसायिक सामन्यात 'परफेक्ट गेम' टाकला: एकही फलंदाज बेसवर पोहोचला नाही! एक अंतिम सामना हुकला म्हणून त्याचा खेळ संपला नाही.

तुम्ही त्या प्रशिक्षकांच्या जागी असता, तर काय केलं असतं?