दप्तर कोणाचे?

एखाद्या कायद्यातील चार ओळी गळल्या, एवढीच ही बातमी असती तर तिची जागा आतल्या पानावर होती. परंतु १४ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातून ज्या ओळी गेल्या, त्यांच्याबरोबर सामान्य नागरिकाच्या हातातील एक साधनच निसटले आहे, असे आमचे स्पष्ट मत असल्यामुळे आम्ही हा विषय पहिल्या पानावर मांडीत आहोत. ही दुरुस्ती माहिती अधिकार कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक म्हणून संसदेपुढे आलीच नव्हती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा जो कायदा दोन्ही सभागृहांनी आवाजी मतदानाने संमत केला, त्याच्या शेपटाकडील ४४ व्या कलमात ती होती. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ ती कागदावर निजून राहिली आणि मग एका अधिसूचनेने जागी झाली. दिवाणखान्यात पाहुणे बसले असता परसदारी सामान हलवावे, तसा हा प्रकार झाला.

मूळ कलम काय होते ते वाचकांनी नीट समजून घ्यावे अशी आमची विनंती आहे. २००५ च्या कायद्याच्या आठव्या कलमात व्यक्तिगत माहितीला संरक्षण होतेच. ज्या माहितीचा सार्वजनिक कार्याशी वा हिताशी काही संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खाजगी जीवनावर अकारण आक्रमण होईल, ती देण्याचे बंधन नव्हते. मात्र व्यापक सार्वजनिक हितासाठी ती देणे योग्य आहे अशी जन माहिती अधिकाऱ्याची खात्री झाली तर ती द्यावी, असेही त्याच वाक्यात होते. आणि शेवटी एक परंतुक होते की, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही. आमदाराने विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर मिळते, तेच त्या आमदाराला निवडून देणाऱ्या शिक्षकाला, शिंप्याला, शेतमजुराला मिळावे, इतका सरळ त्याचा अर्थ होता. आता हे सारे गेले. ‘व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द उरले आहेत. अमुक कागद व्यक्तिगत आहे असे म्हटले की विषय संपला.

सरकारपक्षाचे म्हणणे असे की, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला असल्यामुळे दोन कायद्यांत मेळ घालणे भाग होते. शिवाय आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम शाबूत असून, सार्वजनिक हित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा तेथे आहेच. हे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोटकलम शाबूत आहे, हे खरे. परंतु तेथे निर्णय ‘सार्वजनिक प्राधिकरणा’ने, म्हणजे साऱ्या कार्यालयाने मिळून घ्यावयाचा आहे, आणि तोही ‘देता येईल’ अशा शब्दांत. खालच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला जो तराजू हाती दिला होता, तो काढून वरच्या मजल्यावर ठेवला. आमच्या कार्यालयांची रीत ज्यांस ठाऊक आहे त्यांना हे सांगावयास नको की, ज्या गोष्टीसाठी वर विचारावे लागते ती गोष्ट बहुधा होत नाही. नकाराचे समर्थन करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे असे कायदा आजही म्हणतो. पण समर्थनासाठी एक शब्द पुरेसा ठरू लागल्यावर त्या जबाबदारीचे ओझे ते काय राहिले?

आता व्यवहारात याचा परिणाम काय तो पाहू. माहितीच्या अधिकाराची चळवळ विद्यापीठातील चर्चासत्रात जन्मली नाही. राजस्थानात १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामावरील मजुरांना किमान वेतन का मिळत नाही याचा शोध घेऊ म्हटले, तेव्हा उत्तर मिळाले की सर्व काही मस्टरवर आहे, आणि मस्टर गुप्त आहे. १९९४ च्या अखेरीपासून त्यांनी गावोगाव जनसुनावण्या भरविल्या. हाती आलेली मस्टरे चावडीवर मोठ्याने वाचून दाखविली. नाव उच्चारले जाई आणि गर्दीतून उत्तर येई की, हा तर कधीच वारला. ही तर सासरी गेली, कामावर आलीच नाही. १९९६ साली ब्यावर येथे ही माणसे चाळीस दिवस धरणे धरून बसली. त्या मस्टरातील नावे झाकून केवळ आकडे वाचले असते तर काय उघडकीस आले असते? काहीही नाही. आकडे जुळलेलेच होते. खोटी होती ती नावे. आणि नाव ही तर व्यक्तिगत माहितीतील पहिली बाब! ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखविली, त्या महाराष्ट्राला मस्टरवरील नावाचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

खाजगीपणाची चेष्टा करणे आम्हांस मान्य नाही. रुग्णालयातील केसपेपर, अत्याचारपीडितेचा पत्ता, शाळेतील मुलाची कौटुंबिक परिस्थिती यांवर कोणाही अर्जदाराचा हक्क नाही आणि नसावा. अर्ज करून अधिकाऱ्याला जेरीस आणणारे व त्यावर उपजीविका करणारे काही महाभाग आहेत, हेही आम्ही नाकारीत नाही. अशांची गाठ पडल्याच्या कथा आमच्या कानी येतात. परंतु जुने कलम नेमका हाच भेद करण्यासाठी होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सरकारी नोकराला दिलेले ज्ञापन, त्याच्यावरील कारवाई, त्याची मालमत्ता ही व्यक्तिगत माहिती ठरविली, तेव्हाही व्यापक सार्वजनिक हिताचे दार उघडे ठेवले होते. दार इतके अरुंद असताना ते बंद करण्याची निकड कोणास भासली?

या ठिकाणी एक विसंगती वाचकांच्या ध्यानात आणून देणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याचा सातबारा आज कोणीही घरबसल्या संगणकावर पाहू शकतो. गाव, गट क्रमांक, मालकाचे नाव, क्षेत्र, पीक, आणि इतर हक्कांच्या रकान्यात कोणत्या सोसायटीचा वा बँकेचा किती बोजा आहे तोही. जमिनीचे अभिलेख खुले असावेत हे १९६६ च्या जमीन महसूल संहितेचेच धोरण आहे, आणि ते योग्य धोरण आहे. जमीन घेणाऱ्याची फसगत टळते, भाऊबंदकीतले पुष्कळ खोटे तेथेच उघडे पडते. दोन एकरांच्या धन्याचे कर्ज जगाला दिसते, यात कोणाला खाजगीपणाचा भंग दिसला नाही. पण त्याच जमिनीची नोंद करणाऱ्या साहेबाने नोकरीच्या वीस वर्षांत किती गुंठे कमावले, असे विचारले की ते मात्र व्यक्तिगत! खाजगीपणाचे हे वस्त्र कोणाच्या अंगाच्या मापाने बेतले आहे, हे यावरून समजते.

पुण्याच्या माणसाला दप्तरबंदीची ही कथा नवी नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तिचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामे नि वतने खरी की खोटी हे त्या कागदांवर ठरविण्यात येई. म्हणजे सरकारला ते कागद हवे तेव्हा पाहता येत होते. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांतील रोजनिशांचे महत्त्व ओळखून त्यांवर लिहिले. पण एरव्ही आमच्या संशोधकांना ते दार मिटलेलेच राहिले. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तो वाड्यांच्या माळ्यांवरून, देवळांच्या कोपऱ्यांतून, वाळवीच्या तोंडून कागद सोडवून. हजारो रुमाल शेजारच्या दगडी इमारतीत नीट बांधलेले असताना या राष्ट्राच्या इतिहासकाराला खेडोपाडी पायपीट करावी लागली. पुढे सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले आणि उघड झाले ते केवढे धन होते! परके सरकार आपल्या प्रजेवर विश्वास ठेवीत नसे, हे समजण्याजोगे आहे. आजचे दप्तर मात्र आमच्याच पैशाने, आमच्याच नोकरांनी, आमच्याच कामासाठी लिहिलेले आहे. १९७५ साली राजनारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, सार्वजनिक सेवकांनी सार्वजनिक रीतीने केलेले प्रत्येक कृत्य जाणण्याचा लोकांना हक्क आहे, असे सांगितले त्याला आता अर्धशतक उलटून गेले.

या हक्कासाठी महाराष्ट्राने व गोव्याने दिल्लीची वाट पाहिली नव्हती, हेही आठवावे. गोव्याचा कायदा १९९७ चा. महाराष्ट्राने २००० साली एक दुबळा कायदा केला, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने तो मागे घ्यावयास लावला, आणि २००२ चा सबळ कायदा आला. त्याच महाराष्ट्रात २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाडे येथे जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या एका कार्यकर्त्याचा भर सकाळी खून झाला. कागद मागणे हा येथे केवळ टपालखर्चाचा व्यवहार कधीच नव्हता.

दुरुस्तीचा दोष दिल्लीचा. पण मुंबईने हात झटकून मोकळे होऊ नये. राज्य माहिती आयोगापुढे २०२४ च्या मध्यास एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून होत्या. तीस दिवसांत माहिती द्यावी असे कायदा सांगतो आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराचा रस्ता खचलेला, ठेकेदार गेलेला, अधिकारी निवृत्त झालेला असतो. त्यातही ‘नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर आमच्या कार्यालयांत इतके रुळले आहे की ते छापूनच ठेवले आहे की काय असे वाटावे. २०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाचे वरचे मजले जळाले आणि पाच माणसे प्राणास मुकली. त्या आगीनंतर कित्येक वर्षे प्रत्येक हरवलेल्या कागदाला राख होण्याची सोय झाली. वास्तविक कागद सापडत नाही ही माहिती नाकारण्यास कायद्याने दिलेली सबब नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले आहे. कसून शोध घ्यावा, कोणामुळे गहाळ झाला ते ठरवावे, असेही म्हटले आहे. राज्याचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही आहे. अभिलेख गहाळ केल्याबद्दल कोणी तुरुंगात गेल्याचे आमच्या वाचकांनी कधी ऐकले आहे काय?

तेव्हा राज्य सरकारने करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. व्यक्तिगत म्हणून माहिती नाकारताना दुसऱ्या पोटकलमाखाली सार्वजनिक हिताचा विचार केला किंवा नाही, केला तर कारणे काय, हे लेखी नोंदविल्याशिवाय कोणताही नकार देऊ नये, असे परिपत्रक उद्या निघू शकते. ते पोटकलम वापरण्याचा अधिकार प्रत्येक कार्यालयात एका नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपविता येतो, म्हणजे अर्जदाराला दरवाजा तरी माहीत होईल. चौथ्या कलमातील सतरा बाबी आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन दुरुस्तीनंतरही कायम आहे; बहुसंख्य कार्यालयांची ही प्रसिद्धी जुन्या फलकावरील बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांपलीकडे जात नाही. अनुदानांच्या याद्या, कामांची देयके, ठेकेदारांची नावे सरकारने स्वतः मांडली तर ती मागावी लागणार नाहीत आणि नाकारावीही लागणार नाहीत. आयोगातील जागा रिकाम्या होण्यापूर्वी भराव्यात, हे तर सांगावयासही संकोच वाटतो.

आणखी एक गोष्ट. जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्था यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा आदेश याच सरकारने २०१८ च्या नोव्हेंबरात काढला होता. त्यासाठी नवा कायदा नको, नवा पैसा नको. एक टेबल, एक खुर्ची आणि कपाटाची किल्ली असलेला एक कारकून पुरे. आमचे प्रतिनिधी येत्या सोमवारी या शहरातील कार्यालयांत त्या वेळेस जाणार आहेत. वाचकांनीही आपल्या पेठेच्या, आपल्या वॉर्डाच्या, आपल्या रस्त्याच्या कागदांसाठी जावे. किल्ली कोणाकडे आहे, याचे जे उत्तर मिळेल ते आम्हांस कळवावे. आम्ही ते याच पानावर छापू.