काळी चार

धामणगाव रेल्वे गावात भजनाला पेटी पुढ्यात आली की पहिला प्रश्न ठरलेला : 'काळी दोन की काळी चार?', म्हणजे सूर कुठल्या पट्टीवर धरायचा. मैफलीचा पियानो आपल्याकडे विरळाच, पण त्याच्यासारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पेटीमुळे इथल्या पोरांच्या बोटांना ओळखीच्या आहेत. म्हणून या अंकात पेटीवर आयुष्य वेचणाऱ्या पंडित तुळशीदास बोरकरांवर लेख आहे.

गोव्यातल्या बोरी गावी १९३४ साली त्यांचा जन्म झाला. पेटीची विद्या घेतली पी. मधुकरांकडे. पट्टीचा सूर बांधलेला, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं होतं, तेही तीसेक वर्षं! त्याच पेटीवर बोरकरांनी साथही केली आणि एकलवादनही. बोट पट्टीवर किती टेकवायचं, कधी उचलायचं, भात्यात हवा किती ठेवायची, सगळा जीव त्यात. २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

माझी मनापासून विनंती आहे, भजनाला बसणाऱ्या मुलांना हा लेख वाचायला द्या. मग रात्री पेटी उघडली की त्यांना आधी भात्यावरच्या हाताकडे बघायला सांगा.