री ओढणाऱ्यांची बाजू

मराठी भाषेला साथीदाराविषयी फारसा आदर नाही. हे विधान कुणाला एकांगी वाटेल, म्हणून आधी पुरावा मांडतो. दुसऱ्याचे मत विचार न करता उचलणारा माणूस त्याची 'री ओढतो'. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा 'आपलेच तुणतुणे' वाजवत बसतो. भजनात रमलेल्या माणसाला 'टाळकुट्या' म्हणून मोडीत काढता येते. गाणाऱ्यामागे सूर लांबवत नेणे, एका तारेवर स्वर धरून ठेवणे, टाळाने लय राखणे ही तिन्ही कामे साथीची आहेत, आणि तिन्ही आपण शिवीच्या जवळ नेऊन ठेवली आहेत. 'साथ' हा शब्द तेवढा बचावला. पण तोही आपण संसारात आणि संकटात जितका वापरतो, तितका कलाविचारात वापरत नाही.

या पक्षपाताची जाणीव मला पुस्तकांतून झाली नाही. प्रस्तुत लेखक पेशाने मराठीचा शिक्षक आणि हौसेने बेस गिटार वाजवणारा. फर्दापूर आणि आसपासच्या गावांतून फिरणाऱ्या एका गायन पार्टीत मी बरीच वर्षे मागच्या रांगेत उभा राहिलो आहे. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम असे आमचे वर्ष. अजिंठ्याचा घाट उतरला की मराठवाडा सरत येतो आणि खानदेशाची बोली कानावर पडू लागते. त्या सीमेवरच्या गावांना गाणे दोन्हीकडचे चालते. कार्यक्रम संपल्यावर लोक गायकाला भेटतात, ढोलकीवाल्याची पाठ थोपटतात, बेंजोवाल्याकडून एखादी धून पुन्हा वाजवून घेतात. माझ्याकडे आलेला श्रोता बहुधा एवढेच विचारतो, "हे चार तारांचे कशाला असते?"

प्रश्न रास्त आहे. बेस गिटार एकट्याने ऐकवण्याचे वाद्य नव्हे. लिओ फेंडरने १९५१ साली बाजारात आणलेल्या या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांवर बोलते. हा आवाज कानापेक्षा छातीला आधी कळतो. त्याचे काम चाल वाजवणे नाही, चालीखालची जमीन ठरवणे आहे. गायक गंधारावर थांबला आहे असे समजा. खाली षड्ज धरला तर तो गंधार प्रसन्न, स्थिरावलेला वाटतो. खाली धैवत धरला की गायकाने काहीही न बदलता तोच गंधार गंभीर होतो. म्हणजे वरच्या स्वराचा अर्थ खालचा स्वर ठरवतो. श्रोत्याला मात्र वाटते की गायकाचा आवाजच भरून आला. ही चोरी नव्हे, हेच आमचे काम. पण अर्थ कोण घडवतो या प्रश्नात ज्यांना रस आहे, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी तरी या व्यवहाराकडे लक्ष द्यायला हवे होते.

फर्दापूरहून लेणी चार-पाच किलोमीटरवर. पाहुणे आले की त्यांना घेऊन जाणे हे इथल्या माणसाचे कर्तव्यच. पहिल्या लेण्यात सगळे आधी पद्मपाणीसमोर थांबतात, ते योग्यच. पण त्याच लेण्याच्या डाव्या भिंतीवर महाजनक जातकातला नृत्याचा प्रसंग आहे. विरक्तीकडे झुकलेल्या राजाला संसारात गुंतवून ठेवण्याचा तो खटाटोप. मध्ये नर्तकी, आणि तिच्याभोवती बासरी, ढोलासारखी वाद्ये, टाळ घेतलेल्या स्त्रिया. छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांतही, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, नर्तकीच्या दोन्ही बाजूंना वादक स्त्रिया कोरलेल्या आहेत. चित्रकाराला आणि शिल्पकाराला एक गोष्ट पक्की माहीत होती. वादक काढले नाहीत, तर मधल्या बाईच्या देहाला आलेला तो बाक नृत्याचा आहे हे पाहणाऱ्याला कळणार नाही. साथ हा तिथे सजावटीचा भाग नाही, अर्थाचा भाग आहे. पुढे छापील पानाच्या युगात आपण हे शहाणपण गमावले, असे मला वाटते.

पोवाड्याचेच पाहा. शाहीर डफावर थाप मारून कडव्याची ओळ टाकतो आणि तुणतुणे-झांज घेतलेले झीलकरी 'जी जी' करीत ती उचलून धरतात. तुणतुण्याला एकच तार असते, आणि शाहिराचा स्वर भरकटला की तो याच तारेवर परत येतो. झील चालू असते तेवढ्या अवधीत शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते, प्रसंगी समोरच्या गर्दीकडे पाहून ती बदलताही येते. आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथात युगोस्लाव्हियातील गायकांच्या अभ्यासातून दाखवले की मौखिक कवी पाठ केलेले म्हणून दाखवत नाही, तो गाता गाता रचतो. आपल्याकडे हा ग्रंथ शिकवला जातो, पण गाता गाता रचण्यासाठी लागणारा वेळ पोवाड्यात कोण पुरवतो हा प्रश्न मी वर्गात क्वचितच ऐकला आहे. तो वेळ झीलकरी पुरवतात. त्या अर्थाने ते रचनेचे भागीदार आहेत.

आता छापील संहिता घ्या. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे ऋण मोठे आहे. ते झाले नसते तर कितीतरी रचना आज हाती नसत्या. पण गाणे पानावर उतरवताना एक सोय मराठीत सर्वत्र रूढ झाली: ध्रुवपद एकदा छापायचे आणि पुढे '॥ ध्रु. ॥' एवढी खूण ठेवायची. कागद वाचला, यात शंका नाही. मात्र त्या खुणेत दर कडव्यानंतर परत येणारा समूहाचा आवाज दुमडून टाकला गेला. वाचकाला दिसतो तो एकट्या कवीचा सलग मजकूर, आणि मग आपण त्या मजकुराला 'पाल्हाळ', 'पुनरुक्ती', 'सैल बांधणी' असे दोष लावतो. समूहासाठी बांधलेल्या घरात एकट्याने राहून घर फार मोठे आहे अशी तक्रार करण्यासारखे हे आहे.

वारकरी परंपरेला मात्र हे विस्मरण झालेले नाही. तुकोबांचे चौदा टाळकरी परंपरेने नावानिशी जपले. त्यांतले संताजी जगनाडे यांच्या वह्यांमुळे अभंगांचा मोठा ठेवा पुढच्या पिढ्यांना मिळाला, असे ती परंपरा मानते. थोडे थांबून या गोष्टीचा अर्थ लावला पाहिजे. मराठीतल्या सर्वश्रेष्ठ कवीची संहिता राखण्याचे श्रेय मागे उभे राहून ध्रुपद धरणाऱ्या माणसाला दिले जाते. ज्याने ओळ शेकडो वेळा परत म्हटली, त्याच्याच ती हाडीमासी भिनली असणार. ज्याला आपण 'री ओढणे' म्हणतो, त्याचे दुसरे नाव स्मरण असेही असू शकते.

जात्यावरच्या ओव्यांची गोष्टही वेगळी नाही. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. जात्याच्या खुंट्याला अनेकदा दोन हात असतात, एक ओळ टाकणारीचा आणि दुसरा ती उचलणारीचा. आमच्या भागापुरते बोलायचे तर पळसखेड इथून जवळच. ना. धों. महानोर (१९४२-२०२३) यांनी आपल्या परिसरातली लोकगीते संकलित केली, तेव्हा पुस्तकाला नाव दिले 'पळसखेडची गाणी'. त्या नावात व्यक्ती नाही, गाव आहे. त्यात मला एक भूमिका दिसते.

कुणी म्हणेल, ही जुन्या मौखिक परंपरेची गोष्ट झाली, ध्वनिमुद्रणाच्या काळात सगळ्यांची नोंद होते. तसे झालेले नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी किती काम केले, हे सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचायला ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) ही पुस्तके यावी लागली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे नाव घराघरांत पोचले ते १९७७ सालच्या एका गाण्यामुळे, त्यांनी केलेल्या संगीतसंयोजनामुळे नव्हे. राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत टोनी वाझ यांचे बेस गिटार आहे. ती गाणी गुणगुणणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे? शास्त्रीय संगीतात निदान आप्पा जळगावकर (निधन २००९) यांच्यासारख्या संवादिनीवादकाला साथीदार म्हणूनच कीर्ती मिळाली. पण ती अपवादाची कीर्ती. आंबेडकरी जलसा आणि गायन पार्ट्यांच्या अभ्यासात आपण भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची नावे आदराने घेतो, घ्यायलाच हवीत. पण त्यांच्यामागे रात्र रात्र कोरस धरणाऱ्यांची नावे गोळा करण्याइतका वेळ आता फारसा उरलेला नाही. ती माणसे म्हातारी झाली आहेत.

एक प्रसंग सांगतो. चौदा एप्रिलच्या सुमाराचीच रात्र, सोयगाव तालुक्यातले एक छोटे गाव. गाणे रंगात आले असताना वीज गेली. कीबोर्ड बंद, ध्वनिक्षेपक बंद, आणि माझ्या हातातले वाद्य म्हणजे चार तारा लावलेले लाकूड. ढोलकी तेवढी चालू राहिली. गायकाचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेना. मग समोर बसलेल्या बायकांनी ध्रुवपद उचलले, त्यांच्यामागून पोरांनी, आणि मीही गिटार गळ्यात तसेच ठेवून झील धरली. गायक फक्त कडव्याची ओळ टाकत होता, उरलेले गाणे गावाचे होते. पंधरा-वीस मिनिटांनी वीज आली, तेव्हा ती आल्याचा थोडा रागच आला. बेस नावाची जी जागा मी इतकी वर्षे चार तारांनी भरत होतो, ती मुळात माणसांची होती हे त्या रात्री समजले. पुढे आमच्या पार्टीत कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस वाजवू लागला. एक वाटेकरी कमी झाला आणि गाडीभाड्याचा हिशेब सुटसुटीत झाला. तक्रार नाही. पार्टीचे गणित मला माहीत आहे. मात्र डावा हात उजव्या हाताचेच ऐकतो, तो गायकाकडे मान वळवून पाहत नाही, एवढा फरक मला ऐकू येतो.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. 'री ओढणे' ही शिवी उगाच पडली काय? आपल्या चर्चासत्रांत बीजभाषकाने मांडलेलेच पुढचे दहा वक्ते मांडतात, ती री नव्हे तर काय? ती रीच आहे, पण साथ नाही. फरक ऐकण्याचा आहे. चांगला साथीदार गायकाला होकार देत नसतो. गायक उतावीळ झाला तर तो लय सोडत नाही, गायक वर चढला तर तो षड्जाची आठवण देतो. तुणतुण्याची तार गायकाची मर्जी राखायला स्वर बदलत नाही, म्हणूनच ती उपयोगाची. जो नुसता प्रतिध्वनी करतो तो गायकाला एकटेच पाडतो, कारण चुकल्यावर त्याला परत आणणारे कुणी उरत नाही. मराठी समीक्षेत नायक पुष्कळ झाले आणि त्यांची री ओढणारेही पुष्कळ. वाण आहे ती साथीची.

म्हणून लोकसाहित्य शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मित्रांना तीन साध्या विनंत्या. पोवाडा किंवा भीमगीत वर्गात वाचायचे असेल तर '॥ ध्रु. ॥' जिथे जिथे येते तिथे वर्गाला ते मोठ्याने म्हणू द्या, रचना का तशी आहे हे व्याख्यानापेक्षा लवकर कळेल. क्षेत्रकार्याला जाल तेव्हा गायकाच्या नावाखाली साथीदारांची नावे आणि वाद्ये लिहिण्यासाठी जागा ठेवा. आणि प्रबंधात 'पुनरुक्तीचा दोष' असे लिहिण्यापूर्वी, ती पुनरुक्ती कुणाच्या आवाजासाठी राखलेली जागा होती, हे एकदा विचारा.

त्या पहिल्या लेण्यात पुन्हा गेलात तर पद्मपाणी पाहून झाल्यावर डाव्या भिंतीपाशी जरा थांबा. तिथल्या टाळवालीचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्या गावातल्या टाळवाल्याचे मात्र अजून विचारता येईल.