दुसऱ्या झटक्याचे वाटेकरी

घरात कुणाला लकवा मारला की आपल्या लोकांच्या उत्साहाला भरते येते. एकाला कबुतराच्या रक्ताची मालिश ठाऊक असते, दुसऱ्याला फक्त गुरुवारी औषध देणारा वैदू, तिसरा पत्रिका उघडून साडेसाती शोधतो. गाडी ठरवून, प्रसंगी कर्ज काढून रोग्याला तिथवर नेले जाते. त्याच रोग्याच्या पोटात रोजची गोळी गेली की नाही, हे बघायला मात्र घरात कुणाला सवड नसते.

लकवा हमखास बरा करण्याची जाहिरात करणे 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या त्या कायद्याच्या यादीत पक्षाघात स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही भिंती रंगतात, कारण गिऱ्हाईक आहे. आणि त्या गिऱ्हाइकांत पदवीधरांची वाण नाही.

बहुतेक पक्षाघात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून होतात. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून अशा गुठळ्या तयार व्हायला हातभार लावतात, आणि अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हे चिकटणे कमी करते. ही गोळी लुळा हात उचलून दाखवत नाही, वाकडे तोंड सरळ करत नाही. तिचे काम पुढचा झटका टाळण्याचे, आणि तेही पुरते नाही: अ‍ॅस्पिरिनमुळे टळतात ते पाचांपैकी साधारण एक. पण टळलेला झटका दिसतो कुणाला? अंगारा लावला की काहीतरी केल्यासारखे वाटते, गोळी गिळली की काहीच वाटत नाही. त्यात अ‍ॅस्पिरिनची 75 मिलिग्रॅमची गोळी रुपयाच्या आत मिळते. जे फुकटाच्या भावात मिळते ते औषध कसले, असा आमचा हिशेब!

नात्यातल्या एका मावशींच्या औषधांची पिशवी मध्यंतरी पाहायला मिळाली. मेडिकलच्या दुकानातलीच, दाराआड खिळ्याला टांगलेली. आत चार घड्या घातलेले डिस्चार्ज कार्ड. त्यावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्हींपुढे 1-0-0, आणि क्लोपिडोग्रेलच्या पुढे बारीक इंग्रजी अक्षरांत ‘21 दिवस’. ते कार्ड तीन वर्षांपूर्वीचे होते आणि दोन्ही गोळ्या अजून चालू होत्या! मुलगा दर महिन्याला तीच चिठ्ठी दुकानात दाखवी, दुकानदार तीच पाकिटे काढून देई. मावशींच्या पोटात आग पडू लागली तेव्हा त्याच दुकानदाराने आपल्या मनाने ओमेप्राझोल जोडून दिले. क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करणारे ते औषध.

हे 21 दिवस कुणाच्या लहरीने लिहिलेले नव्हते. झटका सौम्य असेल, किंवा येऊन थोड्या वेळात ओसरला असेल, तर पहिले काही आठवडे धोक्याचे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या मोठ्या चाचणीत अशा रोग्यांना एका दिवसाच्या आत उपचार सुरू केले. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर 90 दिवसांत 11.7 टक्के रोग्यांना पुन्हा झटका आला. पहिले 21 दिवस दोन्ही औषधे दिलेल्यांत 8.2 टक्के. त्यापुढे मात्र ही जोडी वर्षानुवर्षे चालवली तर फायदा फारसा वाढत नाही, रक्तस्राव वाढतो. म्हणून एरवी पुढे एकच गोळी ठेवतात. हे मावशींना कुणी सांगितले नव्हते. घरी पाठवताना डॉक्टरांना त्यासाठी दोन मिनिटे मिळाली नाहीत, आणि घरच्यांनीही विचारले नाही. डॉक्टरांना प्रश्न करणे हा आपल्याकडे उद्धटपणा. वैदूपुढे मात्र तासभर गाऱ्हाणे चालते.

बायकांच्या वाट्याला याहून वाईट येते. 1978 च्या कॅनडातल्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनचा फायदा पुरुषांत दिसला, बायकांत दिसला नाही. चाचणीत मुळात बायका थोड्या होत्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1980 मध्ये पुरुषांपुरती मान्यता दिली, बायकांसाठी 1998 उजाडले. तिथे निदान पुराव्याचा वाद होता. आमच्या घरात बाईची गोळी बंद पडायला एकादशी पुरते, महिनाअखेर पुरते. ‘आता बरी आहेस की, कशाला गोळ्यांची सवय?’ एवढे सासूबाईंचे किंवा नवऱ्याचे वाक्य पुरते. नवऱ्याची गोळी चुकू नये म्हणून ताटाशेजारी वाटीत काढून ठेवणारी तीच असते.

शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळी घरी आणणारेही काही कमी नाहीत. मेंदूत रक्तस्राव होऊन झटका आला असेल तर हीच गोळी घात करू शकते. ठोके अनियमित पडून हृदयातून गुठळी सुटत असेल तर ती पुरत नाही, तिथे रक्त गोठू न देणारे वेगळे औषध लागते. दात काढायचा म्हणून परस्पर गोळी थांबवणारे शहाणे निराळेच. कुणाला कोणती गोळी, ही निवड वैद्यकशास्त्राला अजून पुरती सोपी झालेली नाही, आणि आपण ती गल्ल्यावरच्या पोरावर सोपवतो. मग दुसरा झटका आला की दोष नशिबाला.

डॉक्टरमंडळी, कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत, हे चिठ्ठीवर मराठीत लिहा. आणि ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी खिळ्यावरची पिशवी आजच खाली काढावी. मनाने एकही गोळी न सोडता, न वाढवता, ती तशीच डॉक्टरांपुढे ठेवावी आणि विचारावे: झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, आणि यातली कोणती गोळी कधीपर्यंत? उत्तर रोग्याच्या समोर मागा. पिशवी आईची असेल तर आईच्या समोर.