विश्लेषण : तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसतो, तरी उशिरा का कळतो?

शरीराच्या आतले बहुतेक कर्करोग शोधायला यंत्रे लागतात. तोंडाच्या कर्करोगाची पहिली खूण मात्र आरसा आणि मोबाइलच्या टॉर्चने दिसू शकते. तरीही अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडहून लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचणाऱ्या अनेकांचा आजार तोवर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेलेला असतो. असे का होते?

महाराष्ट्र ओढत नाही, चघळतो

देशात दरवर्षी तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात, असा २०२२चा जागतिक अंदाज आहे. भारतीय पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यात सिगारेट-बिडी ओढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे किंवा तोंडात लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपली तंबाखू फुप्फुसात कमी आणि गालात जास्त जाते. तळहातावर मळलेला बार, माव्याची पुडी, दातांना लावायची मिश्री हे सगळे याच हिशेबात येते. मिश्री तर अनेक घरांत व्यसन म्हणून मोजलीही जात नाही.

तंबाखूतील नायट्रोसमाइन्स ही रसायने पेशींच्या डीएनएला इजा करतात. चुन्यामुळे निकोटिन रक्तात झटपट जाते आणि गालाची आतली त्वचाही सोलवटते. म्हणूनच बार जिथे ठेवला जातो, त्या गाल आणि हिरडीच्या खाचेतच आपल्याकडे हा कर्करोग जास्त आढळतो. सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो.

‘मी फक्त सुपारी खातो’

या वाक्याने सर्वाधिक फसगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या त्वचेखाली तंतू साचतात, गाल ताठर होतो आणि हळूहळू तोंड उघडणे कमी होते. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. मुंबईकराला तो सोप्या शब्दांत सांगायचा तर पाणीपुरी तोंडात मावत नाही, वडापाव कुरतडून खावा लागतो आणि नेहमीची मिसळही अचानक झोंबू लागते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. सुपारी सोडली तरी हा ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही. पण पुढचा धोका कमी होतो.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकून ती वाकवता येते, हे टपरीवर उभ्या राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. बंदीइतकेच लक्ष तपासणीकडे गेले असते, तर चित्र वेगळे दिसले असते.

दुखत नाही, म्हणून दाखवत नाही

सुरुवातीची खूण बहुतेकदा दुखत नाही, आणि उशीर होण्याचे हेच मोठे कारण. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, घासूनही न जाणारा पांढरा चट्टा, आणि त्याहून धोकादायक मखमली लाल चट्टा, ही पहिली लक्षणे. दात विनाकारण हलणे, कान दुखणे, मानेत गाठ येणे ही नंतरची. पाकिटावरचे ८५ टक्के जागा व्यापणारे चित्र शेवटच्या अवस्थेचे असते. छोटा चट्टा असलेला माणूस ते पाहून ‘आपले असे काही नाही’ म्हणत पुडी फाडतो. त्या जागी कधी पांढरा चट्टाही छापायला हवा.

केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपचार काय?

निदानासाठी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज चुकीचा आहे. या भीतीपोटी गेलेले महिने मात्र रोगाला पसरू देतात. मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. आजार पुढे गेला असेल तर रेडिएशन आणि गरजेप्रमाणे केमोथेरपी. जबडा काढावा लागला तर पायाच्या हाडातून नवा घडवता येतो, पण बोलणे आणि गिळणे पुन्हा शिकावे लागते.

गाठ लागत नसली तरी मानेतील लसिकाग्रंथी सुरुवातीलाच काढाव्यात का, हा जगभरचा जुना वाद होता. त्याचे उत्तर परळमधूनच मिळाले. टाटा रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते. लवकर आलेल्या रुग्णांमध्येही इतका फरक पडतो.

महाराष्ट्राने याची दोन्ही टोके पाहिली आहेत. शरद पवार यांना २००४ मध्ये या आजाराचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर ते राजकारणात परतले आणि जुन्या सवयीबद्दलचा पश्चात्तापही त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजाराने मुंबईत निधन झाले, वयाच्या अवघ्या ५७व्या वर्षी.

पहिल्या तपासणीसाठी थेट परळ गाठण्याचीही गरज नाही. जवळचा दंतवैद्य, किंवा घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर यांसारख्या पालिका रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभाग पुरेसा आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.