सेकंडहँड सेडान अन् वाढीव हॉर्सपॉवर : गाडी पळेल, पण कागद आणि खिसा टिकेल का?

आर्णी : सोयाबीन निघालं, कापसाचे पहिले दोन वेचे विकले गेले की तालुक्यात दोन गोष्टींची चौकशी वाढते. एक ट्रॅक्टरची, दुसरी जुन्या चारचाकीची. अलीकडे दुसऱ्या चौकशीत फरक पडलाय. आधी पोट्टे विचारायचे, "ॲव्हरेज किती देते?" आता विचारतात, "टर्बो आहे का? रिमॅप केली तर किती हॉर्सपॉवर होईल?" मोबाईलवर रील पाहिलेली असते. स्कोडा नाहीतर व्होक्सवॅगनची जुनी सेडान, मागे मोठा सायलेन्सर, अन् तीन मिनिटांत 'स्टेज वन'. त्यात नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग आर्णीवरूनच जातो. चौपदरी रस्ता दारात असल्यावर वेगाची हौस येणारच.

हौस हा गुन्हा नाही. पण या हौसेत आठ-दहा लाख रुपये, घरच्या सातबाऱ्यावरचं कर्ज आणि रस्त्यावरच्या दुसऱ्याचा जीव गुंतलेला असतो. म्हणून गाडी कोणती घ्यावी, ताकद खरंच वाढते का, आणि वाढवली तर कायदा काय म्हणतो, हे तिन्ही हिशेब एकत्र मांडायला हवेत.

बाजारात मिळतंय काय?

यातल्या बऱ्याच गाड्या मूळच्या महाराष्ट्रातल्याच. स्कोडाच्या लॉरा, ऑक्टाव्हिया, सुपर्ब या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या गेल्या. व्होक्सवॅगनची व्हेंटो पुण्याजवळच्या चाकणमधून आली, तर फियाट लिनिया रांजणगावातून.

हौशी लोकांच्या यादीत सगळ्यात वर असते ती ऑक्टाव्हिया व्हीआरएस. २०१७ मध्ये ती २३० पीएस ताकदीची आली. २०२० मध्ये २४५ पीएसची आली, तेव्हा देशासाठी फक्त २०० गाड्या होत्या आणि शोरूमची किंमत ३५.९९ लाख रुपये होती. अशी गाडी जुन्या बाजारात क्वचितच दिसते, अन् दिसली तर स्वस्त नसते.

त्याखाली साधी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, १८० पीएसची. मग डिझेलमध्ये २०११ नंतरची ह्युंदाई व्हर्ना १.६, १२८ पीएसची. फियाट लिनिया टी-जेट, ११४ पीएस. होंडा सिव्हिक १.८, १३२ पीएस.

कागदावर सगळ्याच भारी वाटतात. पण आर्णीत बसून गाडी निवडायची तर पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा नाही, पार्टचा आहे. यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर. मोठं काम निघालं तर नागपूर, अमरावती नाहीतर नांदेड गाठावं लागतं. फियाटने तर भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणंच बंद केलं. लिनियाचं इंजिन दमदार आहे, पण पार्टसाठी महिनाभर गाडी झाकून ठेवायची तयारी पाहिजे.

ताकद वाढते कशी, आणि तुटतं काय?

इथे एक गैरसमज मोठा आहे. कोणत्याही गाडीची ताकद रिमॅपने वाढते असं नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत, म्हणजे सिव्हिकसारखीत, इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढीच ओढतं. सॉफ्टवेअर बदलून फार तर थोडा फरक पडतो. पैसे मात्र पूर्ण लागतात.

टर्बो असलेल्या गाडीचं वेगळं. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. हा दाब किती ठेवायचा अन् इंधन किती सोडायचं, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. रिमॅप म्हणजे त्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं. दाब वाढला, इंधन वाढलं, ताकद वाढली. हे खरंच होतं.

पण कंपनीने दाब कमी ठेवला तो उगाच नाही. क्लच, गिअरबॉक्स, टर्बो, कूलिंग, ब्रेक या सगळ्यांची मिळून एक मर्यादा असते. ऑक्टाव्हिया १.८ चंच उदाहरण घ्या. तिचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. गाडीचा टॉर्क कंपनीतूनच २५० आहे. म्हणजे बंडीत आधीच भरगच्च माल आहे, अन् वरून आणखी चार पोती ठेवायची. चाक आज मोडणार नाही, पण मोडेल हे नक्की. व्हीआरएसला वेट क्लच गिअरबॉक्स दिला तो याच कारणाने.

जुन्या लॉरा आणि सुपर्बच्या १.८ टीएसआय इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर आणि ऑइल खाणं, या दोन तक्रारी जगभर झाल्या. अशा इंजिनावर जास्त दाब टाकणं म्हणजे दुखऱ्या बैलाला पराणी टोचणं.

आता पैशाचा हिशेब. गिअरबॉक्स किंवा टर्बोचं काम समजा एक लाखाचं निघालं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळपास १९ क्विंटल सोयाबीन एका कामात गेलं, तेही हमीभाव पूर्ण मिळाला तर. बाजारात त्याखाली दर मिळाला की क्विंटल आणखी वाढतात.

पंपावरचं पेट्रोलही बदललंय

जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेणाऱ्याने ई२० विसरू नये. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमुळे ऊस-मक्याला मागणी येते ही शेतकऱ्याच्या बाजूची गोष्ट आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की ई१० वर चालण्यासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीचे रबरी पाइप अन् सील या इंधनासाठी बनवलेले नव्हते. त्यावर दुसऱ्या देशातल्या पेट्रोलसाठी लिहिलेली रिमॅपची फाईल कुणी टाकली, तर इंजिनात खटखट सुरू व्हायला वेळ लागत नाही.

कायदा : पाच हजार दंड ही फक्त सुरुवात

"सायलेन्सर बदलला तर पोलीस पकडतात, सॉफ्टवेअर कोण पाहतो?" हे वाक्य गॅरेजवर नेहमी ऐकू येतं. कायदा तसं म्हणत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीच्या नमुन्यात हॉर्सपॉवरचाही रकाना आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे. धूर-आवाजाचे नियम मोडले तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंतचा दंड वेगळा.

सीएनजी किट, तशाच प्रकारचं दुसरं इंजिन, दिव्यांगांसाठी केलेला बदल, हे नियमात बसतं. पण आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवीच.

सॉफ्टवेअर दिसत नाही म्हणून सुटतं, असंही नाही. २०१५ मध्ये व्होक्सवॅगन जगभर अडकली ती सॉफ्टवेअरमुळेच. तपासणीच्या वेळी धूर कमी दाखवणारा प्रोग्राम डिझेल गाड्यांत सापडला. भारतातही तीन लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जगातली एवढी मोठी कंपनी सुटली नाही, तिथे एकट्या मालकाची काय कथा?

खरा फटका मात्र विम्यात आहे. विमा कंपनीला न सांगता इंजिनात बदल केला आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीच्या हाती कारण मिळतं. समोरच्याच्या भरपाईवरूनही कोर्टात वाद घातला जाऊ शकतो. तो निकाल विरुद्ध गेला तर रक्कम पाच हजारांची नसते, लाखांची असते.

दिल्लीची गाडी स्वस्त का?

व्हॉट्सॲपवर फोटो येतो. ऑक्टाव्हिया डिझेल, एकदम चकाचक, भाव आपल्याकडच्या निम्मा. नंबर डीएल. कारण सोपं आहे. दिल्लीत १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदीचा आदेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम केला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, ते दोन-तीन दिवसांत थांबलं, ऑगस्टमध्ये न्यायालयाने कारवाईला तात्पुरता ब्रेक लावला. नियम असे वरखाली होत राहिले, की मालक गाडी बाहेर काढायला बघतो.

घेणाऱ्याने मात्र पुढचा खर्च धरावा. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, नसेल तर गाडीला हात लावू नये. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात राहणार असेल तर इथला नंबर, म्हणजे आपल्याकडे एमएच-२९, घ्यावाच लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे इथला टॅक्स भरावा लागतो. १५ वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणाची फी कारसाठी ५,००० रुपये, २० वर्षांवर १०,०००. इसार देण्याआधी यवतमाळ आरटीओत गाडीचा नंबर दाखवून विचारून घेतलेलं बरं.

नावावर झाली नाही तर?

गावाकडे अजून एक पद्धत चालते. गाडी घ्यायची, सह्या केलेले फॉर्म २९-३० ड्रॉवरमध्ये ठेवायचे, आणि 'पुढं विकताना पाहू' म्हणायचं. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे ज्याने गाडी विकली त्याच्याही गळ्यात फास राहतो. विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

इसार देण्याआधी काय पाहायचं?

• एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी, विमा, कर्जाचा बोजा आणि चलान पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घ्या.
• गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना सकाळी स्वतः चालू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर असेल तर कूलंट आत जातंय.
• स्कॅनर लावून एरर कोड आणि किलोमीटर तपासा. सर्व्हिसच्या जुन्या बिलांशी किलोमीटर जुळले पाहिजेत.
• गाडी आधीच कुणी रिमॅप केलीय का, हे सरळ विचारा. केलेली असेल तर तिने मार खाल्लेला असतो.
• सीटखालचं कार्पेट उचलून गाळ, गंज पाहा. पुरात बुडालेल्या गाड्या बाजारात फिरतात.
• टायरवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुनं रबर कडक होतं.
• १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट लागलीय का पाहा.

मग वेगाची हौस असणाऱ्याने करावं काय?

ज्याला ताकदच हवी, त्याने कंपनीतूनच ताकदीची आलेली गाडी पाहावी. व्होक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया १.५ या १५० पीएसच्या, नवी व्हर्ना टर्बो १६० पीएसची. २०२२-२३ मधल्या या गाड्या आता जुन्या बाजारात उतरू लागल्या आहेत. महाग पडतात, पण कागद सरळ, विमा सरळ. रिमॅपला बाजूला ठेवलेले पैसे चांगले टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि पूर्ण सर्व्हिसिंगवर लावले तर जुनी गाडीसुद्धा वेगळी वाटते. गाडीची मूळ ताकद धूळ खाल्लेल्या फिल्टरमुळे अन् जुन्या प्लगमुळे हरवलेली असते. ती परत मिळवणं बेकायदा नाही.

शेवटी रस्त्याचं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून गाडी थांबायचं अंतर चौपट होतं. आपल्या महामार्गावर रात्री विनालाइटची बंडी असते, कापसाने भरलेला ट्रॅक्टर असतो, पऱ्हाटीतून अचानक रोही उडी मारतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालानुसार त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नोंदीतले, आणि सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या पोराच्या हातात महागडी पोर्शे होती. दोन तरुण इंजिनिअर जीवानिशी गेले. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. तालुक्यात पोर्शे नाही. पण बापाच्या नावावरची १८० पीएसची सेडान अन् बारावीतला पोरगा बऱ्याच घरांत असू शकतो. गाडीचा व्यवहार ठरवताना चावी कुणाच्या खिशात राहणार, हेही घरात त्याच दिवशी ठरलेलं बरं.